टाइल कापणाऱ्यांची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी स्वयंपाकघराचे काम काढले. ओट्यामागची भिंत पंचवीस-तीस वर्षांच्या फोडण्या खाऊन तेलकट झाली होती. तिच्यावर टाइल्स बसवायच्या, एवढेच काम. बायकोने फिकट निळ्या रंगाच्या निवडल्या. काम करायला जवळच्या खेड्यातला एक पोरगा आला, विशी-बाविशीतला. त्याने भिंतीचे माप घेतले, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, ‘‘चाचा, एक पेटी जास्तीची घ्या. बोर्डापाशी कट आहेत, नळापाशी कट आहेत, खिडकीच्या कडेला तर सगळेच कट आहेत. तुकड्यात माल जातो.’’

मला हसू आले. हेच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. माझे अब्बा गवंडी होते. सुरुवातीला शहाबादी फरशी आणि पुढे टाइल्स बसवणे हा त्यांचा हातखंडा. सबंध टाइल कोणीही चिकटवील, पण कारागीर ओळखायचा तो कोपऱ्यातल्या तुकड्यावरून, असे ते म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराने अंगणात वायर ओढली, हातातले मशीन सुरू केले आणि पहिली टाइल कापायला घेतली. कर्कश आवाज झाला आणि पांढऱ्या धुळीचा एक लोट उठला. त्याचे डोके, भुवया, पापण्या क्षणात पांढऱ्या झाल्या. तोंडाला रुमाल बांधलेला. मी चहाचा कप खाली ठेवला, उठलो आणि भिंतीवरचे बटण बंद केले.

‘‘काय झालं चाचा?’’ त्याने विचारले.

काय झाले, ते मला एका वाक्यात सांगता येईना. आज इथे जरा सविस्तर सांगतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. थोडे म्हणजे पाच-सहाशे वर्षे.

आमच्या उदगीरपासून बीदर फार दूर नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असताना अब्बा मला तिथे घेऊन गेले होते. महमूद गावानचा मदरसा मी पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्या बोटाला धरून. महमूद गावान हा मूळचा इराणमधल्या गिलानचा. व्यापारी म्हणून दख्खनमध्ये आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ च्या सुमारास त्याने हा मदरसा उभारला. पुढे १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. सतराव्या शतकाच्या अखेरीस बारुदाच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. दोन मिनारांपैकी एक उरला. त्या मिनारावर आणि दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या रंगांच्या फरशांचे काम अजून जागोजागी टिकून आहे.

बाकीची माणसे मिनाराची उंची पाहत होती. अब्बा मात्र भिंतीला नाक लावून उभे. त्यांनी एका जोडावरून बोट फिरवले आणि स्वतःशीच म्हणाले, ‘‘इसकू कैसा काटा होंगा रे?’’ त्या वेळी मला त्या प्रश्नात काही विशेष वाटले नाही. पुढे वाचनाची गोडी लागली, बी.ए. केले, कचेरीत चिकटलो, कविता लिहू लागलो. पण तो प्रश्न डोक्यात राहिला. त्याचे उत्तर हळूहळू पुस्तकांतून मिळत गेले.

या कामाला फारसीत ‘काशी’ किंवा ‘काशानी’ म्हणतात. आपल्या गंगाकाठच्या काशीशी त्याचा संबंध नाही. इराणमध्ये काशान नावाचे शहर आहे. झिलईदार फरशांसाठी ते इतके प्रसिद्ध होते की, वस्तूलाच गावाचे नाव पडले. तिथल्या कुंभारांच्या एका नामवंत घराण्यातल्या अबुल कासिम याने १३०१ साली या कलेवर एक प्रकरण लिहून ठेवले. कोणते दगड दळायचे, झिलई कशी करायची, भट्टी कशी लावायची, हे सगळे त्यात आहे. त्या दगडांतला एक महत्त्वाचा दगड म्हणजे गारगोटी. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

आता अब्बांचा प्रश्न. रंगीत फरशी मुळात कापायचीच कशाला? लागेल तेवढ्या आकाराची भाजून का घेत नाहीत? तर प्रत्येक रंगाची आच वेगळी. एका रंगाला जी आच मानवते, त्याच आचेवर दुसरा रंग बिघडतो किंवा पसरतो. म्हणून जुन्या कारागिरांनी एक युक्ती काढली. निळ्या फरशा वेगळ्या भाजायच्या, पांढऱ्या वेगळ्या, पिवळ्या वेगळ्या. मग कागदावर नक्षी काढायची, तिचे तुकडे करून ते फरशीवर ठेवायचे आणि धारदार हातोडीने टिचक्या मारत मारत फरशी त्या आकारात कापायची. कडा कानशीने घासायच्या. मागच्या बाजूने कड थोडी तिरपी ठेवायची, म्हणजे समोरून दोन तुकडे केसाएवढी फट न ठेवता भिडतात. मग सगळे तुकडे नक्षीवर पालथे मांडायचे, पाठीवर चुन्या-गचाचा थर ओतायचा आणि वाळल्यावर तो आख्खा तुकडा भिंतीवर चढवायचा. इराणमध्ये या पद्धतीला ‘मुअर्रक’ म्हणतात. मोरोक्कोमधल्या फेज शहरात याच जातीचे काम ‘झेलीज’ या नावाने होते आणि तिथले कारागीर आजही मांडी घालून बसून जड हातोडीने फरशीचे तारे आणि पाकळ्या कापतात. स्पेन-पोर्तुगालमध्ये टाइलला ‘अझुलेजो’ म्हणतात, तो शब्दही त्याच अरबी मुळातून आलेला. आपला ‘फरशी’ हा शब्दसुद्धा अरबी-फारसीतल्या ‘फर्श’वरून आला. फर्श म्हणजे अंथरलेले. शब्दही कारागिरांबरोबर गावोगाव फिरतात.

मुअर्रकमध्ये एकच अडचण होती, वेळ. एका दरवाजाच्या कमानीला हजारो तुकडे लागत. सतराव्या शतकाच्या आरंभी शाह अब्बासने इस्फहानमध्ये मोठी शाही मशीद बांधायला घेतली. एवढ्या प्रचंड भिंती तुकडे कापून कधी भरायच्या? तेव्हा तिथे बहुतांश ठिकाणी दुसरी पद्धत वापरली गेली. चौकोनी फरशीवर सातही रंग एकत्र रंगवायचे आणि एकदाच भाजायचे. रंगांची चमक थोडी उतरली, पण काम झपाट्याने झाले. कापण्याचा वेळ वाचला.

आपल्याकडे लाहोरला वजीर खानच्या मशिदीत आणि आग्र्याला यमुनेकाठच्या ‘चिनी का रौजा’मध्ये मात्र शाहजहानच्या काळातले तुकड्या-तुकड्यांचे काम पाहायला मिळते. चिनी का रौजा ही अफजल खान शिराजी या वजिराची कबर. तो स्वतः कवी होता. बीदरला अली बरीदच्या थडग्यातही टाइल्सच्या पट्ट्यांवर फारसी कवी अत्तारच्या ओळी आहेत. कवीची ओळ टिकते ती कधी कधी टाइल कापणाऱ्याच्या भरवशावर. त्या ओळीखाली कवीचे नाव शोधता येते, कापणाऱ्याचे मात्र नाही.

आता आपण विलायतेला जाऊ. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर नावाच्या इंग्रजाने एक पेटंट घेतले. ओली माती साच्यात थापण्याऐवजी जवळजवळ कोरडी, दळलेली माती लोखंडी साच्यात भरायची आणि जोराचा दाब द्यायचा. हा शोध बटणे बनवण्यासाठी लागला होता. स्टोकच्या हर्बर्ट मिंटनने ओळखले की, याने टाइल्सही निघतील. ओली माती वाळताना आकसते, वाकडी होते; कोरडी माती फारशी आकसत नाही. टाइल्स एकसारख्या आणि स्वस्त झाल्या. मिंटनच्या टाइल्स जहाजातून मुंबईपर्यंत आल्या. भायखळ्याच्या राणीबागेतले १८७२ चे संग्रहालय, जे आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, तिथल्या जमिनीवर त्या आहेत.

पण कोरडी माती म्हणजे धूळ. स्टोकच्या कुंभारवाड्यांत आधीपासूनच दळलेल्या गारगोटीची धूळ उडत होती. तिथल्या कामगारांना छातीचा जो विकार जडायचा, त्याला त्यांच्या भाषेत नावच पडले होते, ‘पॉटर्स रॉट’. कुंभाराची सड.

स्वदेशीच्या वाऱ्यात मुंबईत १९२२ मध्ये फेरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी ‘भारत टाइल्स’ सुरू केली. परदेशी टाइल्सना उत्तर म्हणून सिमेंटच्या नक्षीदार लाद्या निघू लागल्या. त्या जमिनीसाठी. भिंतीवरच्या पांढऱ्या, झिलईच्या, सहा बाय सहा इंचांच्या टाइल्स आमच्याकडच्या घरांत दिसू लागल्या त्या बऱ्याच उशिरा, आणि त्याही आधी मोरीत. आज गुजरातमधल्या मोरबीहून ट्रकच्या ट्रक येतात. तेव्हा मोरीला टाइल्स लावल्या की, शेजारपाजारची माणसे पाहायला यायची.

अब्बा त्या टाइल्स हाताने कापत. आदल्या रात्री त्या बादलीत भिजत घालायच्या. सकाळी पुसून, गुण्या लावून पेन्सिलीची रेघ मारायची. मग टोकदार कलम त्या रेघेवरून एकदाच, एकाच दाबाने ओढायची. बारीक ‘चर्र’ आवाज यायचा. खाली रेघेच्या बरोबर तळाशी एक खिळा ठेवायचा आणि दोन्ही बाजूंनी तळव्यांनी हलकेच दाबायचे. टाइल रेघेवर दुभंगायची. मी आश्चर्याने पाहत राहायचो. ते म्हणायचे, ‘‘टाइल कू तोडते नै बेटा, समजाते.’’

या समजावण्यामागचे शास्त्र मला पुढे कळले. टाइलचा वरचा थर म्हणजे काचच. काच एवढी मजबूत दिसते, मग सहज का फुटते, याचा विचार ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने केला आणि १९२१ मध्ये त्याचा प्रसिद्ध निबंध छापून आला. काचेत बारीक बारीक चिरा असतात, ताण दिला की सगळा जोर चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर धावत सुटते, असे त्याने दाखवले. टाइल कापणारा करतो ते एवढेच. चीर कुठे असावी, हे तो ठरवतो. रेघ दोनदा ओढली तर दोन चिरा होतात आणि टाइल भलतीकडे फुटते. अब्बांनी ग्रिफिथ वाचला नव्हता, पण ‘दुबारा नै’ हे ते प्रत्येक शिकाऊ पोराला सांगत.

त्याच काळात जर्मनीत टंगस्टन कार्बाइड नावाचा अतिशय कठीण पदार्थ तयार झाला होता. त्याची बारीक चकती बसवलेले, हाताने ओढायचे कटर पुढे आले. बार्सिलोनाजवळच्या रुबी गावात बोआडा बंधूंनी १९५१ साली असे कटर बनवले. दोन दांड्यांवरून चकती सरकवायची, रेघ ओढायची, दांडा दाबायचा, टाइल दोन तुकडे. तत्त्व अब्बांच्या खिळ्याचेच. त्याच बार्सिलोनात त्याआधी अंतोनी गौदीने आपल्या बागेतल्या नागमोडी बाकांवर फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवून ठेवले होते. आपल्याकडच्या गच्च्यांवर ‘चायना मोझॅक’ करतात तेही फुटक्या टाइल्सचेच. पांढरा तुकडा ऊन परतवतो, बारीक तुकडे गच्चीच्या उतारावर नीट बसतात. अब्बा उरलेले तुकडे पोत्यात साठवत आणि असल्या कामाला वापरत. त्यांच्या लेखी टाइल फुटली म्हणजे वाया गेली असे नव्हते.

मग विजेचे मशीन आले. हिऱ्याची पूड लावलेली, मिनिटाला हजारो फेरे घेणारी चकती. आमच्या भागात ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दिसू लागली. स्वयंपाकघराच्या ओट्यांना ग्रॅनाइट आले. ग्रॅनाइटला कलम लागत नाही. ठेकेदारांना घाई असे. ज्याच्याकडे मशीन त्याला काम. अब्बांनीही मशीन घेतले. अर्ध्या दिवसाचे काम तासात होऊ लागले. घरात पैसा आला, माझे कॉलेज त्याच पैशात झाले. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे असत. अम्मी अंगणातच त्यांचे कपडे झटकायची. आम्ही हसायचो.

दहा-बारा वर्षांनी त्यांना कोरडा खोकला लागला. मग जिना चढताना दम लागू लागला. टी.बी. असेल म्हणून औषधे सुरू झाली. कोर्स पुरा झाला, खोकला तसाच. पुन्हा दुसरा कोर्स. थुंकीत कधी जंतू सापडले नाहीत, तरी औषधे चालूच. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. या सगळ्या काळात त्यांना एक प्रश्न कोणीच विचारला नाही.

तो प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने कागदावर लिहून ठेवला होता. बर्नार्दिनो रामात्सिनी हा इटलीतला वैद्य. १७०० साली त्याने कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दगड फोडणाऱ्यांच्या छातीत दगडाचे कण जातात, हे त्याने लिहिले. आणि वैद्यांना सांगितले की, रोग्याला जे प्रश्न विचारता त्यात आणखी एकाची भर घाला : ‘तू काम काय करतोस?’

अब्बांना हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो एका तरुण डॉक्टरने, अगदी शेवटी शेवटी. एक्स-रे उजेडावर धरून त्याने विचारले, ‘‘चाचा, तुम्ही काम काय करत होतात?’’ अब्बा म्हणाले, ‘‘फरशीचं.’’ त्याने एक्स-रे खाली ठेवला आणि थोडा वेळ गप्प राहिला. सिलिकोसिस. ग्रॅनाइटमध्ये, टाइलच्या मातीत गारगोटी असते. मशीनने कोरडे कापले की तिची इतकी बारीक धूळ होते की डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. आपल्याला दिसतो तो जाड लोट, तो नाकात-घशात अडतो. न दिसणारी धूळ थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथे जखमेवर खपली धरावी तसे फुफ्फुस घट्ट होत जाते. ते पुन्हा मऊ होत नाही. यावर औषध नाही. आणि असे फुफ्फुस टी.बी.लाही लवकर बळी पडते, म्हणून दोन्हींची गल्लत होते. कारखाना कायद्यातल्या कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत सिलिकोसिसचे नाव होते. पण अब्बांचा कारखाना म्हणजे लोकांची अंगणे. कोणी कोणाला कळवायचे?

२००४ मध्ये अब्बा गेले. शेवटचे काही महिने ते आडवे होऊ शकत नसत, उशांना टेकून बसूनच झोपत. गाडगेभर धूळ पोटात ठेवून गेले, असे अम्मी म्हणायची. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी धोरण आणले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावरच बंदी घातली, कारण तो कापणारी तरुण पोरे आजारी पडत होती. मी त्या बातम्या वाचल्या तेव्हा आधी अब्बा आठवले आणि मग आमच्या अंगणात हसणारी आम्ही भावंडे.

त्या पोराला मी हे सगळे सांगितले नाही. अब्बांचे सांगितले, तेवढे पुरले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘चाचा, पाणी मारून कापलं तर धूळ उडत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण या मशीनवर पाणी टाकलं तर शॉक बसतो. चिखलात रेघ पुसते. अन् वेळ जातो. ठेकेदार रोजावर नाही, टायलीवर पैसे देतो.’’

त्याचे खरेच होते. धुळीचा रुमाल त्याच्या हातात होता आणि त्या रुमालाचा काही उपयोग नाही, हे मला माहीत होते. पण त्याला नुसते ‘असे करू नकोस’ म्हणणे सोपे होते. वेळेचा हिशेब काय? शाहला घाई होती, मिंटनला घाई होती, ठेकेदाराला घाई होती, आणि खरे सांगायचे तर ओटा लवकर हवा म्हणून मलाही घाई होती. प्रत्येक वेळी वाचलेला वेळ एकाच्या खात्यात जमा झाला आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या छातीतून वजा झाली.

मग आम्ही बसून ठरवले. सरळ कट सगळे हाताच्या कटरवर करायचे, त्यात धूळ जवळपास नाहीच. नळाची भोके आणि बोर्डाचे कोपरे तेवढे मशीनवर. त्यासाठी पाण्याची नळी जोडलेले मशीन भाड्याने आणायचे. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतले आणि करंट गळला तर आपोआप बंद पडणारे बटण बसवले. मेडिकलमधून चांगला मास्क आणला. दीड दिवसाचे काम अडीच दिवसांवर गेले. त्या एका दिवसाची मजुरी आणि मशीनचे भाडे मी दिले. फार मोठी रक्कम नव्हती. एखाद्या चांगल्या नळाची किंमत म्हणा ना.

हाताच्या कटरवर त्याच्या पहिल्या दोन टाइल्स वाकड्या फुटल्या. तो रेघ पुन्हा ओढत होता. मी म्हणालो, ‘‘दुबारा नाही. एकदाच, एकाच दाबाने.’’ तिसरी टाइल रेघेवर सरळ दुभंगली. पोरगा माझ्याकडे पाहून हसला. ‘‘चाचा, तुम्ही पण हे काम केलंय की काय?’’

मी कधी केले नव्हते. मी फक्त पाहिले होते.

वाचकहो, तुमच्याही घरी कधीतरी काम निघेल. टाइल निवडताना आपण रंग पाहतो, भाव पाहतो, डिझाइन पाहतो. ती कापणार कोण आणि कशी, हेही एकदा विचारा. आणि तो म्हणाला की यात एक दिवस जास्त जाईल, तर तो दिवस त्याला द्या.

जास्तीच्या पेटीतले तुकडे उरले आहेत. पोत्यात भरून ठेवलेत. पावसाळा संपला की गच्चीच्या एका कोपऱ्यात ते बसवून घेणार आहे. त्या पोरालाच बोलावले आहे. तो म्हणाला, ‘‘येतो चाचा. पण कटर तुमच्याकडेच ठेवा, मी घेऊन जात नाही.’’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)